काच, पाणी आणि पडदा : काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचा एक शब्देतिहास

मराठीत डोळ्याच्या दोन विकारांची नावे ‘बिंदू’ या पदाने संपतात : मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावांच्या या जोडीमुळे हे दोन्ही विकार एकाच कुळातील असावेत, असा समज सामान्य माणसाचा होतो आणि तो स्वाभाविकही आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. पहिल्यात गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. दुसऱ्यात गेलेली मिळत नाही, उरलेली तेवढी राखावयाची असते. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ असे जुनी माणसे सांगत आली. काचबिंदूच्या बाबतीत याच सल्ल्याने माणूस आंधळा होतो.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, नेत्रवैद्यक नव्हे. तथापि काचबिंदूवरील शस्त्रक्रियेचा इतिहास चाळीत असता एक गोष्ट वारंवार जाणवली. शस्त्रक्रिया डोळ्याच्या पुढील भागावर होते आणि तिचे काही दुष्परिणाम मात्र डोळ्याच्या अगदी मागे, ज्याला आपण ‘पडदा’ म्हणतो त्यावर उमटतात. हे पुढचे आणि मागचे नाते ओळखण्यास वैद्यकास पुष्कळ काळ लागला. वैद्यकाने ते ओळखले, तरी ते सांगणारी मराठी अद्याप मागेच रेंगाळत आहे. हे विधान सिद्ध करण्यासाठी ‘काच’, ‘पाणी’ आणि ‘पडदा’ या तीन शब्दांचा मागोवा घेणे सोयीचे होईल.

प्रथम ‘काच’. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली आहे. त्यांतील दृष्टिगत रोगांच्या विवेचनात लिंगनाश नावाचा जो रोग येतो, त्यालाच ‘नीलिका’ व ‘काच’ अशीही नावे दिली आहेत. वाग्भटाच्या परंपरेत काच ही तिमिर आणि लिंगनाश यांच्या मधली अवस्था ठरते. दोहोंपैकी कोणताही अर्थ घेतला तरी ही काच ज्या रोगमालिकेत बसते, ती आजच्या मोतीबिंदूस अधिक जवळची आहे. कारण लिंगनाशाच्या कफज प्रकारावर सुश्रुताने जी शलाकेची क्रिया सांगितली, ती गढूळ भिंग बाजूस सारण्याचीच आहे. आज ज्याला आपण काचबिंदू म्हणतो, त्याच्या तीव्र प्रकाराशी जुळणारे वर्णन सुश्रुतात निराळ्याच नावाखाली सापडते. ते नाव ‘अधिमंथ’. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना, अर्ध्या मस्तकापर्यंत चढणारा ठणका, आणि दोषानुसार पाच, सहा किंवा सात रात्रींत दृष्टीचा नाश. पित्तज प्रकारात तर अपचार घडल्यास तत्काळ नाश. ज्याने तीव्र काचबिंदूचा रुग्ण एकदा पाहिला आहे, त्यास ‘मंथ’ या शब्दाची निवड किती नेमकी आहे, हे सांगावे लागणार नाही.

म्हणजे रोग होता, त्याला नावही होते. परंतु मराठीत रोगाकडे जे नाव आले ते अधिमंथाचे नव्हे, काचेचे. हा घोटाळा आपल्याकडेच झाला असे मात्र नाही. ग्रीक वैद्यकात ‘ग्लौकोसिस’ किंवा ‘ग्लौकोमा’ हा शब्द ‘ग्लौकोस’ या निळसर-हिरवट छटेच्या वाचकापासून निघाला आणि तो प्रारंभी वृद्धांच्या मंददृष्टीस लावला जाई. मोतीबिंदू आणि हा ‘ग्लौकोमा’ यांची नीट ताटातूट अठराव्या शतकाच्या आरंभी झाली. फ्रेंच वैद्य ब्रिसो याने मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले भिंगच होय, हे शवविच्छेदनाने दाखवले आणि १७०९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मग ग्लौकोमाचे काय करावयाचे? ब्रिसोने तो डोळ्याच्या पोकळीतील काचेसारख्या पारदर्शक द्रव्याचा विकार मानला. हेही चुकलेच, पण नाव सुटे झाले आणि पुढे दीडशे वर्षांत त्याला योग्य रोग सापडला. सुश्रुताची ‘नीलिका’ आणि ग्रीकांचा ‘ग्लौकोस’ हे दोन्ही शब्द निळ्या झाकेचे, आणि दोन्ही परंपरांत ते भिंगाच्या विकाराकडून दुसरीकडे ओढले गेले, ही गोष्ट योगायोगाची असो वा डोळ्यांनी दिसणाऱ्या त्याच एका झाकेची असो, लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या शेजारच्या भाषांनी काय केले, हेही पाहावे. हिंदीत मोतीबिंदूस ‘सफेद मोतिया’ आणि काचबिंदूस ‘काला मोतिया’ म्हणतात. येथे तर एकाच रोगाचे दोन रंग असल्याचा भास होतो, आणि मराठीपेक्षाही घोटाळा अधिक होतो. गुजरातीने ‘झामर’ हा स्वतंत्र शब्द ठेवला. तेलुगूत ‘नीटिकासुलु’ म्हणतात. त्यातील ‘नीटि’ हे पाण्याचे वाचक आहे. या सर्वांत रोगाच्या खऱ्या स्वरूपास शिवणारा शब्द, माझ्या मते, तेलुगूचा. कारण काचबिंदू हा, बारकावे सोडून बोलावयाचे तर, पाण्याच्या निचऱ्याचा रोग आहे.

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. डोळ्याच्या आत, बुबुळावरील पारदर्शक आवरण आणि भिंग यांच्या दरम्यान, स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि सतत बाहेर झिरपत असतो. मराठी पारिभाषिक लेखनात त्याला नेत्रजल म्हटले जाते. दर मिनिटास दोन ते तीन मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश, इतकीच त्याची आवक. जावक तेवढीच असेल तर दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. जावकेची वाट अडली की दाब चढतो. औषधाचे थेंब एक तर आवक कमी करतात किंवा जावक वाढवतात. शस्त्रक्रिया जावकेस नवी वाट काढून देते. कोकणात तळी बांधणाऱ्या माणसास हे समजावण्यास चित्राची गरज पडत नाही. तळ्याला सांडवा हवा, एवढे म्हटले की पुरे.

या सांडव्याचा इतिहास आता थोडक्यात सांगतो. कारण त्यात मुंबईचा वाटा आहे आणि तो मराठी वाचकास फारसा ठाऊक नाही.

बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्राफे याने १८५७ मध्ये काचबिंदूवर कनीनिकेचा, म्हणजे बुबुळातील रंगीत पडद्याचा, तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. तीव्र प्रकारात तिचा उपयोग झाला. सावकाश वाढणाऱ्या प्रकारात मात्र ती पुष्कळदा अपुरी पडली. या काळाच्या किंचित आधी हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण तयार केले होते. त्याची माहिती १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर रुग्णाच्या डोळ्याचा मागचा पडदा कोणी पाहिलाच नव्हता. तो पाहू लागल्यावरही काय दिसते हे लगेच कळले असे नाही. काचबिंदूत दृष्टीच्या नशीच्या मुखाशी खळगा पडतो. ग्राफेने प्रारंभी त्याचे वर्णन उंचवटा म्हणून केले, आणि ही चूक थोड्याच काळात दुरुस्त झाली. पाहणे आणि नाव देणे यांत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या विषयातही क्वचित सापडेल.

मुंबईत भायखळ्यास, सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाच्या आवारात, सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय १८६० च्या दशकात उभे राहिले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून चालू होते, आणि १८६१ पासून तेथे मराठी व गुजराती माध्यमाचे वर्गही भरू लागले. या नेत्ररुग्णालयाचा कारभार पाहणारे आणि महाविद्यालयात नेत्रवैद्यक शिकविणारे हेन्री हर्बर्ट हे भारतीय वैद्यक सेवेतील शल्यवैद्य होते. खुपरीच्या रुग्णांच्या बुबुळकाठी दिसणाऱ्या खळग्यांना आजही त्यांचे नाव लावले जाते, त्यामुळे नेत्रवैद्यकाचा विद्यार्थी त्यांना ओळखतो. परंतु काचबिंदूच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे, ते मात्र विस्मरणात गेले आहे. १९०३ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सावकाश वाढणाऱ्या काचबिंदूत डोळ्याच्या पांढऱ्या कवचातून द्रव बाहेर झिरपेल अशी कायमची वाट करावी आणि ती वाट वरच्या पातळ आवरणाखाली, म्हणजे नेत्रश्लेष्मलेखाली, झाकलेली राहावी, अशी त्यातील कल्पना होती. जखम भरून येऊ द्यावयाची हा शल्यकर्माचा सामान्य नियम. येथे जखम भरून येऊ नये हीच इच्छा. ही कल्पना त्या वेळी धाडसाचीच म्हणावी लागेल. बोर्दोच्या लाग्रांझने १९०६ मध्ये आणि नॉर्वेच्या होल्टने १९०७ मध्ये याच दिशेने आपापल्या पद्धती मांडल्या. हर्बर्ट त्या दोघांच्या आधीचे. पुढे १९२३ मध्ये त्यांनी काचबिंदूच्या शस्त्रोपचारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयातील रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९०९ मध्ये याच कल्पनेस सोपे साधन दिले. बुबुळाच्या काठाशी कवचाचा दीड ते दोन मिलिमीटरांचा वाटोळा तुकडा एका बारीक, पोकळ, धारदार नळीने फिरवून काढावयाचा. सुताराच्या गिरमिटाशी त्याचे साम्य आहे. आणि आपल्याकडे काही जुन्या वैद्यांच्या तोंडी त्याला गिरमिटच म्हणत असतील तर नवल नाही. ही पद्धत जगभर गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काचबिंदू म्हटला की इलियटचे छिद्र, असे समीकरण झाले. काचबिंदूचा सांडवा प्रथम मुंबईत आणि मद्रासेत खणला गेला, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

हे छिद्र उघडे असे. त्यातून किती पाणी जावे यावर शल्यवैद्याचा ताबा नसे. येथून आपल्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो.

डोळा हा गच्च भरलेला गोल आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर प्रथम रक्तवाहिन्यांचे रंजितपटल आणि त्यावर, अगदी आत, प्रकाश टिपणारे नाजूक दृष्टिपटल अंथरलेले असते. ही अंथरूणे आतील दाबाने ताणलेली राहतात. दाब एकाएकी उतरला तर तीन-चार प्रकारचे अनर्थ संभवतात. रंजितपटलाखाली द्रव साचून ते भिंतीपासून सुटे होते. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्सने शस्त्रक्रियेनंतरच्या या प्रकाराचे विवेचन १९०० मध्ये केले. हे बहुधा आपोआप किंवा औषधाने काही आठवड्यांत निवळते. याहून भयंकर म्हणजे त्याच जागी रक्तवाहिनी फुटणे. शस्त्रक्रियेनंतर दोन-चार दिवसांनी, खोकताना किंवा शौचास जोर करताना, डोळ्यात एकाएकी असह्य कळ उठते आणि दृष्टी जाते. अतिशय वृद्ध, अतिशय मोठ्या क्रमांकाचा चष्मा असलेले, आधी दाब फार चढलेले आणि भिंग काढलेले रुग्ण यांत याचा धोका अधिक. तिसरा प्रकार सौम्य : दाब उतरताच दृष्टिपटलात ठिकठिकाणी रक्ताचे ठिपके उठतात. याला स्वतंत्र नाव १९९२ मध्ये मिळाले. चौथा प्रकार असा की दाब दीर्घकाळ फार कमी राहिला तर कवच किंचित आक्रसते आणि दृष्टिपटलास, विशेषतः ज्या मध्यबिंदूने आपण वाचतो तेथे, चुण्या पडतात. याचे नेमके वर्णन आणि नामकरण अमेरिकेतील गॅस याने १९७२ मध्ये केले. खेरीज जंतुसंसर्ग आहे. सांडव्यावरचे आवरण पातळ असल्यामुळे वर्षानुवर्षांनीही तो आत शिरू शकतो. आणि क्वचित दृष्टिपटल भिंतीपासून सुटण्याचा प्रकार आहे.

केंब्रिजच्या केर्न्सने १९६८ मध्ये जी शस्त्रक्रिया मांडली आणि जी सुधारून आजही केली जाते, तिच्यात कवचाच्या अर्ध्या जाडीची झडप ठेवून ती टाक्यांनी हवी तेवढी आवळली जाते. हे सांडव्याला दार बसविणे झाले. त्यामुळे एकाएकी दाब उतरण्याचे प्रसंग कमी झाले. परंतु झडपेखालची वाट पुढे बुजू लागली, म्हणून १९८० च्या दशकापासून जखम भरू न देणारी औषधे तेथे लावण्यात येऊ लागली. त्यांपैकी मायटोमायसीन हे फार प्रभावी ठरले, इतके की वाट बुजण्याऐवजी फार मोकळी राहू लागली, आणि गॅसने वर्णिलेल्या चुण्या, ज्या पूर्वी विरळ होत्या, त्या नव्वदीनंतर अधिक दिसू लागल्या. तरुण आणि जाड चष्म्याचे रुग्ण यांत विशेष. एक दोष टाळण्यासाठी केलेला उपाय दुसऱ्या दोषास जागा करून देतो, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात काही नवीन नाही.

आता ‘पडदा’. येथे भाषाशास्त्राची खरी अडचण आहे आणि ती मला महाडात, चवदार तळ्याच्या काठी समजली.

महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर. दक्षिण कुलाब्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, माणसास मुंबई गाठावयाची तर दासगावहून बाणकोटच्या खाडीतून बोटीने जाणे हा एके काळी सरळ मार्ग होता. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर याच मार्गाने उलट दिशेस आले. दासगावास उतरून ते पायी महाडास गेले. त्याच वर्षीच्या २० मार्चला त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. ते तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला होता. खटला पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ मध्ये निकालात निघाला. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे आणि येथे त्याचे प्रयोजन एवढेच की या गावात ‘पाणी’ हा शब्द कोणी हलकेपणाने वापरीत नाही.

तळ्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक भेटतात. त्यांना गुरुजी म्हणावे. नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले, लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, आणि उजव्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. ती एका मोठ्या शहरात झाली आणि चांगली झाली, दाब उतरला. पाचव्या आठवड्यात त्यांच्या असे लक्षात आले की दुरेघी वहीच्या रेघा मधोमध नागमोडी दिसतात. त्यांनी दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर मिळाले की पडदा तपासावा लागेल, या. गुरुजी गेले नाहीत.

का गेले नाहीत, हे त्यांनी मला जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो. “सर, डोळ्यावर पडदा येतो म्हणजे मोतीबिंदू येतो, हे मी आजीपासून ऐकत आलो. तो पिकेल तेव्हा काढतील. त्यासाठी एवढी एस्टी कशाला करू?” असा विचार करून ते अडीच महिने थांबले. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू लवकर वाढतो हे त्यांना आधी सांगण्यातही आले होते. ती माहिती खरीच होती आणि तिनेच त्यांची समजूत पक्की केली.

‘पडदा’ हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. त्याचा मूळ भाव आड येणारी वस्तू असा. म्हणून ‘डोळ्यावर पडदा येणे’ हा प्रयोग दृष्टीच्या आड येणाऱ्या गढूळपणास, म्हणजे मोतीबिंदूस, सहज लागतो. पुढे छायाचित्र आणि चित्रपट यांच्या काळात पडदा म्हणजे ज्यावर चित्र उमटते ती वस्तू असा दुसरा, जवळजवळ उलटा, अर्थ रूढ झाला. आणि वैद्य जेव्हा ‘डोळ्याचा पडदा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा दुसरा अर्थ असतो. पहिला पडदा दिसू देत नाही, दुसऱ्यामुळे दिसते. भर म्हणजे दुसरा पडदा सुटू लागला की रुग्णास डोळ्यापुढे काळा पडदा उतरल्यासारखे वाटते. अशा रीतीने एकच शब्द अवयवाचे नाव, रोगाचे नाव आणि लक्षणाचे नाव अशा तीन जागी बसला आहे. बोलणारा एका जागी असतो, ऐकणारा दुसऱ्या.

यावर पारिभाषिक शब्द हा उपाय व्हावयास हवा होता. तसा तो आहे : कोणी दृष्टिपटल म्हणतात, विश्वकोशाने जालपटल स्वीकारला. पण ‘पटल’ हाही शब्द निर्दोष नाही. सुश्रुताने डोळ्यात चार पटले सांगितली, आणि ती तेज व जल, मांस, मेद आणि अस्थी यांच्या आश्रयाने कल्पिली. त्यांतील एकही आजच्या दृष्टिपटलाशी निःसंशय जुळत नाही. उलट तिमिराची वाढ याच पटलांतून क्रमाने होते, म्हणजे येथेही पटल पुन्हा मोतीबिंदूच्या गोष्टीतच सापडते. गुरुजींच्या छापील पत्रकात ‘दृष्टिपटलावर परिणाम’ असे शब्द होते. त्यांनी ते मला दाखवले आणि विचारले, “हे दृष्टीवर परिणाम असंच ना?” सहा हजार मुलांना मराठी शिकवलेला माणूस जेथे थांबतो, तेथे दोष वाचकाचा म्हणता येत नाही.

‘जालपटल’ हा शब्द त्या मानाने जुन्या आणि सुंदर वंशातला आहे. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने या पटलास फेकून मासे धरण्याच्या जाळ्याची उपमा दिली. तीच उपमा अरबी वैद्यकात ‘शबकिय्या’ या नावाने उतरली, आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी ‘रेटे’ म्हणजे जाळे यापासून ‘रेटिना’ हा शब्द घडवला. मराठीने त्याचे संस्कृत केले. परंतु सावित्रीच्या खाडीत जो माणूस फेकजाळे टाकतो, तो त्याला ‘जाल’ म्हणत नाही, ‘पाग’ म्हणतो. हेरोफिलसला अभिप्रेत असलेली वस्तू नेमकी तीच. येथे पाग हा शब्द नेत्रवैद्यकात आणावा असे माझे सुचविणे नाही. लोक हसतील आणि ते योग्यही होईल. एवढेच नोंदवावयाचे की मूळ शब्द घडविणाऱ्याने रोज हाताळली जाणारी वस्तू घेतली होती, आणि आपण भाषांतर करताना ती वस्तू सोडून शब्द तेवढा घेतला.

गुरुजी अखेरीस गेले. तपासणीत दाब फार खाली गेलेला आढळला आणि मागच्या पडद्यास चुण्या पडल्या होत्या. झडपेचे टाके पुन्हा आवळण्यात आले. दाब चढून योग्य जागी आला. या विकारात दाब लवकर दुरुस्त झाला तर चुण्या बहुतेक उलगडतात. उशीर झाल्यास काहींची घडी कायम राहते. त्यांच्या वाचनास आता अडथळा नाही. परंतु दुरेघी वहीची रेघ एका ठिकाणी अजून किंचित वाकते, आणि ती तशीच राहील असे त्यांना सांगण्यात आले आहे.

मी त्यांना एकदा हा सगळा प्रकार तुम्ही दुसऱ्याला कसा समजावून द्याल, असे विचारले. एखाद्या पाठाची तयारी करावी तसे ते थोडे थांबले. मग म्हणाले, “सांडवा बुजला होता, तो खणला. जरा जास्तच खणला गेला. तळं उतरलं. भरल्या तळ्यात तळाशी पसरलेलं कापड ताठ राहतं. पाणी उतरलं की त्याला चुण्या पडतात. म्हणून सांडव्याला परत फळी लावली.” माझ्या वाचनात आलेल्या वर्णनांत याहून स्वच्छ वर्णन नाही. ‘चुणी’ हा शब्द त्यांना कोणी सांगितला नव्हता. इंग्रजी ग्रंथांत याच विकृतीसाठी जो शब्द वापरतात, त्याचा अर्थही घडी, चुणी हाच.

त्यानंतर मी पोलादपूर आणि महाड या तालुक्यांतील काही वृद्धांकडून डोळ्याच्या विकारांचे शब्द टिपून घेण्यास आरंभ केला आहे. ‘नस सुकली’ हा प्रयोग सर्वत्र आढळतो आणि तो काचबिंदूच्या अखेरच्या अवस्थेस बरोबर लागू पडतो. ‘डोळा दगड झाला’ हा प्रयोग एका घरात मिळाला. बोट लावून पाहिल्यास चढलेल्या दाबाचा डोळा खरोखरच कठीण लागतो. उलट दाब उतरलेल्या डोळ्यासाठी ‘डोळा बसला’ असे एका बाईंनी म्हटले. मागच्या पडद्यासाठी वेगळा शब्द मात्र अजून कोणाकडून मिळालेला नाही. सर्वजण पडदाच म्हणतात. आणि कोणता पडदा असे विचारले की हात आपोआप पापणीकडे जातो.

गुरुजींच्या डाव्या डोळ्यावरही पुढेमागे शस्त्रक्रिया करावी लागेल, असे वैद्यांचे मत आहे. त्यांनी आपल्या वहीत, वैद्यास विचारावयाचे म्हणून, दोन वाक्ये लिहून ठेवली आहेत. पहिले : फळी किती आवळणार? दुसरे : पडदा म्हणाल तेव्हा पुढचा की मागचा, ते सांगावे.